थंड पाण्याची चिठ्ठी

चिचगडच्या दवाखान्यातल्या रांगेत पुढच्या दोघी कुजबुजू लागल्या, तशी ताराचंद गुरुजींनी कानटोपी हळूच वर सरकवली.

"पार्वतामावशी, तू काऊन आली वं? धडधाकट तं दिसून राहिली."

"नाताळच्या सुट्टीत तिन्ही लेकी येणार आहेत, जावई-नातवांसकट. थंड पाण्यात हात घालायचा नाही, मन शांत ठेवायचं, असं डॉक्टरकडून लिहूनच घ्यायचं आहे."

"मंग भांडी कोण घासन?"

"जावई. तिघं आहेत ना!"

"अन् चिठ्ठीचं ऐकून लेकी-जावई आलेच नाही तं?"

तेवढ्यात पार्वताबाईंचाच नंबर आला.

पडद्याआडून डॉक्टरांचा आवाज आला, "बोला, काय त्रास?"

"त्रास कायचा, साहेब? पंधरा दिवस राबता येईन, असं तगडं टॉनिक द्या."