लय मी वाढवली होती

बसा मंडळी. मागचे पण बसा. मास्तरांच्या फोटोला फुलं वाहून झाली, आता दोन शब्द बोल म्हणून माझं नाव पुकारलंय. मी महादेव. सुखदेव मास्तरांच्या बँडचा ड्रमवाला. जन्मभर सगळ्यांच्या मागं बसून वाजवलं, पुढं उभं राहून बोलायची सवय न्हाई. पण आज बोलायचंच हाय.

कमलवहिनी, तुम्ही समोर बसलात. तुमच्याकडं बघूनच बोलतो. मधूनच उठून जाऊ नका, एवढी विनंती.

मास्तर आन् मी भेटलो मोठ्या दुष्काळात. रेणापूरच्या बाजूला, दुष्काळी कामावर, खडी फोडताना. माझ्या घरी जमीन होती, त्यांच्या घरी नव्हती. पण त्या साली दोघांच्या हातात हातोडाच. मास्तर सिकंदराबादला लष्करी बँडमधल्या एका म्हाताऱ्याकडं क्लॅरिनेट शिकले होते. जॅझ शिकले होते. आम्हाला तो शब्दच ठाऊक नव्हता. दुपारच्या सुट्टीत बाया लेकरांना पाळणा म्हणायच्या, आन् हे त्यात आपला सूर घालायचे. पाळणा तोच. पण वाटायचं, हे गाणं आपण आजवर ऐकलंच न्हाई. एक दिवस मी घमेलं पालथं घालून ठेका धरला. मास्तर थांबले. म्हणाले, "पाटील, हात चांगला हाय तुझा. पण घाई करतो."

त्यातूनच लातुरात बँड उभा राहिला. लग्नात वाजवायचो. आरती, कव्वाली, पाळणा, रानातली गाणी. लोकांना पाठ असलेलीच, पण मास्तरांच्या रीतीनं. कुणी म्हणे नटवलं, कुणी म्हणे नासवलं. मास्तर म्हणायचे, "गाणं मोडायचं न्हाई. वळवायचं. औताचा बैल वळवतो तसं, हलक्या हातानं."

मग लातूर जिल्हा झाला. मैदानावर कार्यक्रम ठरला, आम्हाला बोलावणं आलं. लई आनंद होता. पण आमच्या भागात पाऊस नव्हता. पेरलेलं करपलं होतं. मैदानाच्या कडेला बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघत उभ्या होत्या. आन् मास्तरांनी भलरी निवडली. कापणीला सगळे मिळून म्हणतात, ती भलरी.

मी म्हणालो, "मास्तर, यंदा कापणी कुठंय? लोक चिडतील."

ते म्हणाले, "म्हणूनच. एकदम सावकाश वाजवू. जे पीक आलंच न्हाई, त्याच्यासाठी."

सुरुवात तशीच झाली. एकटं क्लॅरिनेट. सगळं मैदान गप. पुढं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं पटका काढून मांडीवर ठेवला. आज मला कळतं, तो म्हातारा काय ऐकत होता. तवा कळलं न्हाई. मला वाटलं, लोक कंटाळले. मला टाळ्या पाहिजे होत्या, मंडळी. नवा ड्रम, नवा जिल्हा, पुढं खुर्च्यांवर साहेब लोक. मास्तरांनी माझ्याकडं बघून मान हलवली. थांब म्हणून. मी बघितलं. बघूनसुद्धा लय वाढवली. दुप्पट केली.

भलरीची वरात झाली.

मागून कुणीतरी ओरडलं, "रान करपलं आन् हे नाचून राहिले!" कुणीतरी हंडा आपटला. लोक उठले. आधी चप्पल आली, मग दगड. मी स्टेजवरून उडी मारली आन् पळालो. मैदानाच्या टोकाला जाऊन मागं बघितलं. मास्तर पळाले नव्हते. एकटेच वाजवत होते. पहिल्याच सावकाश लयीत. लोकांना ऐकू जावं म्हणून. कुणाला ऐकू जाणार त्या गोंधळात? दगड तोंडावर बसला. वरचे दोन दात गेले. क्लॅरिनेट वरच्या दातावर टेकवून फुंकतात, मंडळी. ते दात गेले.

दुसऱ्या दिवशी गाव काय म्हणालं? सुखदेवानं भलरीची थट्टा केली. माझ्या भावकीतले म्हणाले, "ह्या लोकांना काय कळणार शेतकऱ्याचं दुःख?" मी तिथंच बसलो होतो. चहा पीत होतो. एका शब्दानं बोललो न्हाई की ती थट्टा पाटलाच्या पोरानं केली.

लग्नाच्या सुपाऱ्या बंद झाल्या. वहिनी, तुम्ही दोघं लातूर सोडून नांदेडला आलात. का आलात, ते तुम्हाला आज कळत असेल. मास्तरांनी दात बसवून घेतले, ओठाच्या कडेनं फुंकायला शिकले. सुरात जराशी हवा मिसळायला लागली. पोरं म्हणायची, काय स्टाइल हाय मास्तरांची! स्टाइल? ती माझी करणी होती.

दोन वर्षांनी मास्तरांचं कार्ड आलं. एकच ओळ. "ड्रम घेऊन ये." आलो. त्यांनी कधी विचारलं न्हाई. मला रागावले असते, मारलं असतं, तर बरं झालं असतं. एकदा विष्णुपुरीला धरणावर बसलो होतो. मी धीर करून म्हणालो, "मास्तर, त्या दिवशी लातूरला मी..."

त्यांनी तिथंच तोडलं. "मला कशाला सांगतो? मी तिथंच होतो. ज्यांना ठाऊक न्हाई, त्यांना सांग."

होय म्हणालो. आन् त्यानंतर वर्षं घालवली. आज सांगू, उद्या सांगू. गेल्या आठवड्यात दवाखान्यात त्यांनी माझ्याकडं बघितलं. बोलणं बंद झालं होतं, पण ती नजर मला कळली. न्हाई सांगितलं अजून, होय ना?

सांगितलं, मास्तर. आज सांगितलं. तुम्ही ऐकायला असताना सांगायचं होतं.

मंडळी, भलरीची थट्टा सुखदेव मास्तरांनी केली न्हाई. त्या मैदानात पिकासाठी रडणारा बँडमध्ये एकच माणूस होता, आन् आम्ही त्याचं तोंड फोडलं. इथून लातूरला जाल, तर तिथं सांगा. माझं नाव घेऊन सांगा.

आता सगळे उठा. दोन मिनिटं शांत उभं राहू. वहिनी, त्यानंतर तुम्हाला मला जे म्हणायचं असंल ते म्हणा, ह्या सगळ्यांसमोर म्हणा. मी जागचा हलणार न्हाई.

मास्तर, जय भीम.