बाळंतपणानंतरचा दुसरा नमुना

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या रुग्णालयाचे अधीक्षक सर, व्यासपीठावरचे सर्व मान्यवर, ज्यांना निवृत्तीचा निरोप द्यायला आपण जड मनाने जमलो आहोत त्या आमच्या मॅडम, वॉर्डातल्या सिस्टर, लॅबमधले सहकारी आणि मित्रमैत्रिणींनो,

बोलता बोलता माझी नजर दाराकडे गेली तर रागावू नका. माझी सख्खी ताई वरच्या मजल्यावर बाळंतीण आहे. आज सकाळीच सिझर झालं. बाळ छान आहे, भोकाड पसरतंय. पण ताईला प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब चढण्याचा आजार आहे आणि तिचा रक्तदाब अजून उतरायला तयार नाही. रक्त नीट गोठतंय का, याचा अहवाल यायचाय. मॅडमनीच मला इथे ढकललं. म्हणाल्या, "लॅबच्या दाराशी उभी राहिलीस म्हणून मशीन काही लवकर चालत नाही. जा, माझं कौतुक कर."

तर कौतुक. मॅडमना आम्ही पाठीमागे 'पुन्हा मॅडम' म्हणतो. हसू नका, त्यांना ठाऊक आहे, त्याही हसतायत. ताईसारखा आजार असलेल्या बाईचं बाळंतपण झालं की आम्ही सगळे हुश्श करतो, आणि या म्हणतात, "रक्त गोठण्याच्या तपासणीचा नमुना पुन्हा पाठवा." आम्ही म्हणायचो, "मॅडम, बाळ झालं की आजार उतरतो ना?"

"उतरतो. पण उतरण्याआधी कधी कधी आणखी चढतो. हे रक्त भारी खोडकर. हवं तिथे गोठत नाही आणि नको तिथे गोठून बसतं. बाळंतपणाआधीच्या आकड्यावर नंतरचे निर्णय घ्यायचे का?"

हा प्रश्न आज माझ्याच घरात आलाय. ताईच्या पायांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन द्यायचंय. पण रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट्स घसरल्या असतील, तर त्याच इंजेक्शनाने तिला रक्तस्राव सुरू होईल. द्यावं की थांबावं? अहवालाशिवाय कोण सांगणार?

माफ करा, दार उघडलं म्हणून थांबले. चहा आलाय. घ्या, घ्या.

आमच्या घरात पदवी घेतलेली, डॉक्टर झालेली मी पहिलीच. त्यामुळे घरच्यांना वाटतं, हिला सगळं कळतं. फक्त सुई दिसली की तो विश्वास उडतो! दुपारी नमुना घ्यायला गेले, तर आई आडवी आली. "अगं, सकाळीच तर काढलंस! पोरीच्या अंगात थोडं राहू देशील का? एवढी शिकलीस ती काय बहिणीचं रक्त प्यायला?" साऱ्या वॉर्डासमोर! शेवटी ताईच म्हणाली, "आई, गप बस गं. तिचा चेहरा बघ, पेशंट तीच वाटतेय." आणि तिने हात पुढे केला.

सर, रागावणार नसाल तर एक बोलते. मॅडम गेल्यावर हा दुसरा नमुना 'गरज वाटल्यासच' पाठवायचा, असं घाटतंय म्हणे. खर्च असतो, लॅबवर ताण येतो, मान्य. पण गरज वाटायची कुणाला? बाई तर म्हणते, मी बरी आहे. आमची ताईसुद्धा तेच म्हणतेय, आणि माझा तिच्यावर काडीचा विश्वास नाही.

सिस्टर! या ना, इथेच द्या. एक क्षण हं, मंडळी.

प्लेटलेट्स सकाळएवढ्याच आहेत, पुरेशा. गोठायला लागणारा वेळही ठीक. मॅडम, तुम्हीही एकदा नजर टाका ना. देऊ इंजेक्शन? तुम्ही मान हलवलीत, म्हणजे देते.

टाळ्यांबद्दल आभार. सर, तुम्ही मॅडमच्या कानात बोललात, पण समोर माईक होता. "म्हणजे नमुना वायाच गेला की!" नाही सर. मघापर्यंत आम्ही इंजेक्शन हातात धरून घाबरलो होतो. आता ते निर्धास्तपणे देता येईल. 'सगळं ठीक आहे' हे उत्तरसुद्धा विचारल्याशिवाय मिळत नाही. ते विचारणं मॅडमबरोबर निवृत्त करू नका, एवढंच मागणं.

मॅडम, तुमच्याबद्दल बरंच ठरवून आले होते, ते राहूनच गेलं. तुमचे आणि इतका वेळ माझी घालमेल सोसणाऱ्या तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. लहान तोंडी मोठा घास घेतला. उणंअधिक बोलले असेन तर पोटात घाला.

मी पळते, आधी ताईला इंजेक्शन द्यायचंय. आई वॉर्डाबाहेर बाकावर बसलीय. अहवाल चांगला आला, हे तिला सांगायचंय. उद्या सकाळी आणखी एकदा रक्त काढायचंय, हेही सांगायचंय. ते कसं सांगायचं, जिना चढताना ठरवते.