चुलीतला विळा

जमलेल्या मायबापहो, आपल्या डॉक्टरसाहेबांच्या बाई समोर बसून हायेत. त्यांच्यापुढं बोलाले जीभ उचलत नाही. मी प्लांटातला फिटर. भाषण कधी केलं नाही. पण आज बोलून राहिलो, कावून का मले भेव वाटून राहिलं.

माह्या शांतीच्या मानेवर जन्मापासून बारीक भोक होतं. त्यातून पाणी झिरपे. आमच्या भंडाऱ्याकडे अशा लेकराले विळा तापवून डाग देतेत. माह्या मायनं दिला. मायेनंच दिला. भोक बुजलं, घरात सारे खुश. मंग मान सुजली. पोरीले थुंकीही गिळता येईना.

प्लांटच्या दवाखान्यात डॉक्टरसाहेबांनी पू काढला. मायवर ओरडले नाहीत. सूज उतरली, भोक पुन्हा उघडलं, तवा त्यांनी त्यात निळी दवा सोडली. शांती थुंकली. निळं! मायनं पदरानं तिचं तोंड पुसलं. साहेब म्हणाले, "आजी, ही वाट पार घशात जाते. आईच्या पोटात असतानाच राहून गेलेली. तुम्ही दार लावलं, वाट तशीच राहिली."

डागानं आत सारं चिकटलं होतं. तरी एकेक नस वाचवत त्यांनी ती वाट मुळापासून काढली. शांती आज शाळेत कविता म्हणते.

मंग भेव कशाचं? माह्या तान्ह्या पोराच्या मानेवरही तसंच भोक हाय. साहेबांनी पाहिलं होतं. म्हणाले, "थोडा मोठा होऊ द्या, मी काढतो. तोवर कोणी हात लावू नका." मी काढतो म्हणाले. आता कोण काढन?

परवा साहेबांले अग्नी देऊन घरी आलो. चुलीत विळा होता. पातं लाल झालं होतं. बायको बाळाले छातीशी धरून कोपऱ्यात उभी. माय म्हणे, "साहेब तं गेले. आता आपणच काहीतरी करा लागन ना?"

मी विळा पाण्यात टाकला. पण रोज माही ड्युटी असते. रोज चूल पेटते. अन् ही चूल काय माह्याच घरी हाय? सांगा बरं, तुमच्या घरी नाही?

नागपूरले नेऊ, रायपूरले नेऊ, साहेबासारखा माणूस शोधू. पण डागू नका. हात जोडतो.

आता सारे उभे राहू. साहेबांसाठी घडीभर चूप राहू. ज्याच्याजवळ लेकरू हाय, त्यानं त्याच्या मानेवरून हात फिरवावा.

माय, तूही ऊठ. सुनेजवळून बाळ घे. ठेव हात त्याच्या मानेवर. रिकामा हात, माय.