काशव्वाची ओटी

मी मूळचा कुंभारीचा, वडील दुसऱ्याच्या रानात राबायचे, मी सोलापुरात गिरणीला लागलो, आन पाळी सुटली की खाकी घालून होमगार्डात. काय सांगू तुमाला, त्या खाकीचा मला लई डौल होता. जत्रंत काठी धरून गर्दी आवरायची, एवढंच आमचं काम. पण त्या साली आमच्या पेठंत एका सुनंला देवी आल्या, आन डॉक्टरसाहेब आमच्याकडं आले, म्हणाले, माझी माणसं मूठभर, गल्ल्या ढीगभर, तुमच्याबिगर भागायचं न्हाय.

मग काय, देवीच्या रोग्याचं चित्र घेऊन आमी घरोघर फिरलो, असं कुणी दिसलं का म्हणून विचारत. मला त्या सुनंच्या दारावर बसवलं. आत जाणाऱ्यानं आदी टोचणाऱ्याकडनं दंडावर देवी काढून घ्यायची, मग उंबरा ओलांडायचा, आन मी नाव वहीत लिहायचं.

दुपारी तिची आई आली, मोडनिंबची काशव्वा, हातात खण-नारळ आन दहीभाताचा डबा. म्हणाली, यप्पा, लेकीच्या अंगात देवीआई आलीया, तिची ओटी भरायच्या आदी सुई लावली तर ती कोपंल, ओटी भरून येते, मग खुशाल टोच. आमच्या घरातबी हेच मानतात की. सोडली मी वाट. ती बाहेर आली तर टोचणारा जेवायला गेलेला, तिची यष्टी सुटायला आलेली. गेली ती. आन साहेब बोलतील म्हणून मी वहीत लिहिलं, काशव्वा, देवी काढली.

सकाळी डॉक्टरसाहेब वही बघून शाबास म्हणाले. तवा मी सगळं सांगून टाकलं. ते चिडले न्हाईत, म्हणाले, तीन-चार दिसांच्या आत टोचलं तर वाचंल, जीपमधी बस.

काय पळाली ती जीप! मोडनिंबात नेमका बाजार, कुटं शोधायचं तिला? मी वांग्याच्या ढिगावरनं उड्या मारत पळतोय, बायका शिव्या देत्यात, आन ती मिरच्या निवडत बसलेली. म्हणाली, आईची ओटी भरलीय, मला काय होतंय? लोक जमले, कुणी म्हणालं, पोलिसा, म्हातारीनं चोरी केली व्हय? मी टोपी काढली, सगळ्यांदेखत म्हणालो, चोरी म्या केली, मावशे, तुला टोचल्याचं खोटं लिवलं, आता तू मेलीस तर मी मारलं.

तिनं हातातल्या मिरच्या खाली ठेवल्या. मग पदर सारून दंड पुढं केला. तिच्यामागं बाजारच रांगंत उभा राहिला, गावचे पाटील, हमाल, सगळे, आन दिवस मावळंपतोर साहेब टोचत होते, मी रांगा लावत होतो.

तरी पुढं पंधरा दिवस माझा जीव टांगणीला. सुट्टी मिळंल तवा यष्टीनं जायचो, लांबनं तिचं तोंड बघायचो. ताप आला एकदा तिला. पण अंगावर एक फोड उठला न्हाय. लेकबी वाचली तिची, वण राहिले तेवढे.

आता देवी देशातनंच गेली म्हणतात. काशव्वा हाय अजून. भेटली की लोकांना सांगती, ह्या पोरानं मला वाचवलं. मी म्हणतो, मावशे, तसं म्हणू नगंस. ती ऐकत न्हाय, माझ्या डोक्यावर हात ठेवती, आन मी मान खाली घालून तो घेतो.