गटारीला घातलेला बांध

न्हाय, तुमीच सांगा मंडळी, उसाच्या पान्यासाठी भांडावं, प्यायच्या पान्यासाठी भांडावं, पन गटारीच्या घान पान्यासाठी सख्ख्या भावानं सख्ख्या भावाच्या डोस्क्यात फावडं घालावं? आन् ते बी कवा, तर पुन्याचा इंजनेर सायेब तीच गटार तपासाय आला त्या दिवशी! मी म्हातारा मानूस, मला राग येत न्हाय, मोठ्यानं बोलाया जमत न्हाय... मारामारी दिसली की मी आपला कडंला बसतो.

तुमाला सांगतो, सुरवात घरातनं झाली. मला दोन ल्योक, थोरला जोतीराम, धाकटा दत्तोबा. दोन सुना, थोरली द्वारकाबाई, धाकटी बनाबाई. आन् घर केवढं? एक खोली, मधी पडदा, पडद्याच्या दोन अंगाला दोन चुली! हिचा धूर तिकडं गेला की तिकडनं तांब्या हिकडं येतो. "थोरली हायसा म्हून काय माझं डोळं फोडनार व्हय?" आला तांब्या! "फोडीन न्हायतर काय, धुराला काय दावं बांधू?" गेली फुकनी! पंचमीला तर परात आली, गाडीच्या चाकावानी गरगरत, आन् दत्तोबा नेमका भाकरी मोडाय वाकलेला... कान हाय त्याला अजून, न्हाय असं न्हाय, पन वरचा कोपरा गेला. मी काय करनार? कडंला बसलो.

तवा गावच्या कमेटीनं नवी वसाहत काढली. भवानीनगरच्या कारखान्यापायी मानसं वाढली, म्हून चाळीस घरं बांधायची, आन् त्यातलं एक दत्तोबाच्या नावानं! येगळी चूल, येगळी भित, आन् मधी अख्खं गाव! म्हनलं, आता बनाबाईनं अंगातलं सगळं बळ लावून परात फेकली तरी मारुतीच्या देवळापतूर बी येत न्हाय. पन कागद पुन्याला गेला आन् तिकडनं सवाल आला, चाळीस घरांचं सांडपानी गावच्या गटारीला झेपंल का? झेपलं तर घरं, न्हाय झेपलं तर न्हाय.

म्हून हा सायेब आला. पोरसवदा, डोक्याला टोपडं, गळ्यात शिट्टी, बोलाय लई गोड. म्हनला, "आजोबा, नवी घरं जेवढं पाणी सोडतील, तेवढं वरच्या हौदातून एकदम सोडायचं. न तुंबता ओढ्यापर्यंत गेलं की घरं मंजूर." आक्शी सोपं! हौदापाशी सायेब, खाली गटारीच्या तोंडाला कमेटीचा शिपाई बिरदेव, हातात पानी मोजायचा बांबू.

आता त्या गटारीच्या तोंडालाच आमची वांगी. त्या पान्यावरच वांगी पिकत्यात, आन् पाळी ठरल्याली, एक दिवस जोतीराम बांध घालून पानी वळवनार, एक दिवस दत्तोबा. म्हून सकाळीच दोघांस्नी म्होरं बसवलं. "आज बांध घालायचा न्हाय." "न्हाय आबा." "आज ते पानी आपलं न्हाय, सायबाचं हाय." "व्हय आबा." फावडी तेवढी खांद्यावर ऱ्हायली. आमच्यात बागायतदार फावड्याबिगर मळ्यात गेला तर त्याची कुत्री बी त्याला वळकत न्हाईत!

वाजली शिट्टी. आन् पानी आलं की हो... काळंभोर, फेसाळतं, दोन्ही काठ भरून! एवढं पानी त्या गटारीला जल्मात आलं नव्हतं. मी जोतीरामाकडं बघितलं. लग्नात नवरीकडं बघितलं न्हाई असा बघत हुता. मला वाटलं सांगावं, जोत्या, अरं घर... पन मोठ्यानं बोलाया जमत न्हाय. तवर ह्यानं मारली दोन ढेकळं, वर गवताचा पेंडका, झाला बांध! पानी वांग्यात!

दत्तोबा पळत आला. मला वाटलं, बांध फोडतोय. शाना हाय. तर म्हनतो कसा, "निम्मं हिकडं सोड!"

"आज पाळी माझी हाय!"

"पाळी गटारीच्या पान्याची! हे हौदाचं पानी, ह्याला पाळी न्हाय, ह्यात माझा वाटा हाय!"

"ये की मंग घ्याला!"

आला. जोतीरामाच्या फावड्याचा दांडा बसला दत्तोबाच्या खांद्यावर, दत्तोबाचा उलटा बसला जोतीरामाच्या गुडघ्यावर, तिसरा बसला दोघांच्या बी डोस्क्यात, नारळावानी आवाज झाला! बिरदेव सोडवाय गेला, दत्तोबानं त्याचाच बांबू हिसकून त्याच्याच पाठीत मोडला, तो बी खवळला, त्यानं दत्तोबाचा उरल्याला कान धरला! हिकडं पानी तुंबून मागं सरकलं, आन् गल्लीत सगळ्यात खोलगट घर कुनाचं? आमचं! दोन्ही चुली इझल्या. सुना भिजल्या लुगड्यानं पळत आल्या, द्वारकाबाईनं बनाबाईची येनी धरली, बनाबाई मनगटाला चावली... आन् वरनं सायेब पळत आला, "थांबा! थांबा!" करत मधी घुसला, तवा एक ढेकूळ आलं. टोपडं ओढ्यात, सायेब वांग्यात.

मी कडंला बसलो हुतो. हात जोडलं, म्हनलं, "सायेब, बांध काढून परत सोडा की पानी."

कपाळावर एवढं टेंगूळ, तरी शांत बोलला हो. "गटार उत्तम आहे, आजोबा. चाळीस काय, ऐंशी घरं घेईल. पण हे दोघे तिच्या तोंडाशी आहेत, तोवर एक घर नाही." आन् लंगडत गेला.

तर घर न्हाय. पडदा व्हता, तो फाडून दोघांच्या डोस्क्याला बांधला. आता खोलीत ह्या भितीला जोतीराम कन्हतोय, त्या भितीला दत्तोबा कन्हतोय, दोघींनी आपापल्या नवऱ्याच्या उशाला चूल मांडलीया, भांडीकुंडी हाताशी... आन् मी? कडंला बसावं म्हनलं, तर दोन्ही कडा भरल्यात हो. मी आपला मधी बसतो. परात आली की वाकतो.