भाऊजींच्या गुदगुल्या

मेहुणी: आणि मग? दुसरी चप्पल गेली कुठं?

बायको: तेच तर सांगतेय. हे दारात उभे, एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी, आणि चेहरा कसा, तर लाटसाहेबांचा. म्हटलं, अहो, जोडीदारीण कुठं सोडलीत? तर खाली बघतात आणि मलाच विचारतात, "अगं, ही गेली कुठं?"

नवरा: विचारात होतो. माणसानं कधी विचार करू नये का?

बायको: जन्मात पहिल्यांदा केलात. चप्पल घाबरून पळाली.

मेहुणी: ताई, पुरे गं, पोट दुखायला लागलं माझं.

बायको: अख्ख्या गल्लीनं शोधली. मिळाली ती पार चौकात, न्हाव्याच्या दुकानापुढं. म्हणजे चौकापासून घरापर्यंत स्वारी एका चपलेवर. आणि रस्त्यावर ही खडी पसरलेली.

(एका खोलीचं घर. बायको केकची खोकी चिकटवतेय. नवरा शाळेच्या गाडीची सकाळची फेरी उरकून जेवायला आलाय आणि पाय पोटाशी घेऊन खाटेवर बसलाय. मेहुणी दवाखान्यातर्फे घरोघर फिरून साखरेच्या रोग्यांचे पाय तपासते. बहिणीचं घर तिनं मुद्दाम शेवटी ठेवलंय, कारण इथं आलं की हसण्यापुढं काम होत नाही.)

मेहुणी: खडीवरून आलात, भाऊजी? अनवाणी?

नवरा: आम्ही लहानपणी कुठं चपला घातल्या? आमचे पाय तयार आहेत.

बायको: तयार म्हणजे किती तयार, ते इस्त्रीवाल्याला विचार. चहाचं सांगितलं का मी तुला?

नवरा: ते राहू दे.

बायको: टपरीवर बसून हे गोष्ट रंगवत होते. शेजारी इस्त्रीवाला. त्याचा भरलेला कप ह्यांच्या पायावर उपडा. उकळता चहा. सगळे ओरडले. आणि हे काय म्हणाले असतील? "अरेरे, कुणाचा सांडला?" की गोष्ट पुढं चालू. इस्त्रीवाला अजून सांगत फिरतो, वहिनी, काय मनाचा खंबीर माणूस.

नवरा: चहा गारच होता.

बायको: मग पायाला फोड आला तो कशाचा?

नवरा: गार म्हणजे, फार गरम नव्हता.

मेहुणी: फोड आलाय हे तुम्हाला कधी कळलं?

बायको: ह्यांना कुठं कळतंय. मोजे ओढून काढले तेव्हा मला दिसला.

मेहुणी: मोजे? ह्या उकाड्यात?

बायको: हल्ली मोजे घालून झोपतात. थाट बघ. पूर्वी मी उठवायला तळव्यावरून नुसतं बोट फिरवायचे, की हे खाटेसकट उडायचे. आता माझ्या आधीच उठून बसतात. मी म्हटलं, चला, उतारवयात का होईना, शहाणे झाले.

मेहुणी: तुला चपलांचं दुकान आठवतं?

बायको: विसरेन होय? दुकानदारानं मापासाठी पाय धरला आणि हे हसत हसत त्याच्याच अंगावर. तो बिचारा म्हणाला, बाई, आधी ह्यांना आवरा, मग जोडा दाखवतो.

मेहुणी: भाऊजी, पाय इकडं करा बघू.

नवरा: नको गं बाई. तुला माहीत आहे ना, मला गुदगुल्या होतात.

मेहुणी: म्हणूनच सोपं आहे. डोळे बांधायचे. मी कापूस टेकवते. लागला की सांगायचं, डावा का उजवा.

नवरा: पण मला साखर कितीशी? थोडीशीच.

बायको: थोडीशीच. गोळी चक्कर आली तर घेतात. चहात साखर मात्र चक्कर येण्याची वाट न बघता घेतात.

नवरा: गोळी घेतली की भूक लागते. गाडीवर भुकेला काय देऊ, स्टेअरिंग? चहा-बिस्किटावर दिवस निघतो. सगळ्या ड्रायव्हरांचा निघतो.

मेहुणी: त्या सगळ्यांचे पाय बघून आलेय मी. ताई, टॉवेल दे.

बायको: हा घे. घट्ट बांध. लबाड आहेत.

नवरा: अगं, नाक दाबलं जातंय.

मेहुणी: नाक वर नका करू. नाकाजवळच्या फटीतून बघताय तुम्ही.

नवरा: छे, छे.

बायको: बघ, पकडले की कान लाल होतात. लहान पोरं बरी. थांब, मीच बांधते. आता दिसतंय का काही?

नवरा: अंधार. नुसता अंधार. आणि खळीचा वास.

मेहुणी: तयार?

नवरा: हो. हीहीही. अगं, हळू. हीही. डावा. डावा. पुरे, जीव जाईल माझा. डावा म्हटलं ना.

मेहुणी: भाऊजी.

नवरा: सोड गं. हीही. बाई, बाई.

मेहुणी: भाऊजी, कापूस अजून डब्यातच आहे.

बायको: थट्टा नको करूस हं.

मेहुणी: माझे हात बघ, ताई. मी अजून डबासुद्धा उघडला नाही.

बायको: अहो. हसायचं थांबवा.

नवरा: थांबलोय.

मेहुणी: आता खरंच लावते. सांगा.

नवरा: बरं.

मेहुणी: सांगा, भाऊजी.

नवरा: लाव की मग.

मेहुणी: मघाचा लावलाय. दोन्ही पायांना लावून झाला.

बायको: टॉवेल काढा तो. माझ्याकडं बघा. कधीपासून?

नवरा: आधी नुसता अंगठा गेला. म्हटलं, एक अंगठा काय, जाईल कुठं, येईल परत. मग मुंग्या यायला लागल्या. रात्रंदिवस. मग मुंग्यासुद्धा कंटाळून निघून गेल्या.

बायको: आणि मी गल्लीभर सांगत सुटले. चप्पल काय, चहा काय. लोकांना हसवत होते मी.

नवरा: अगं, छानच सांगतेस तू. मलाही हसू यायचं.

बायको: ब्रेक कसा दाबता?

नवरा: पायानं.

बायको: मी काय विचारतेय ते कळतंय तुम्हाला.

नवरा: खाली बघतो. पाय कुठं आहे ते बघतो आणि दाबतो. हळूच चालवतो गं. सायकली पुढं निघून जातात.

मेहुणी: गाडीत पोरं असतात, भाऊजी.

बायको: आपली नात असते. ह्यांच्या शेजारी, पुढच्या सीटवर.

नवरा: तिलाच सांगून ठेवलंय. आजोबांचा पाय ब्रेकवर आहे का, बघत जा. तिला खेळ वाटतो. चौक आला की मोठ्यांदा सांगते, आहे, आहे. सगळी पोरं तिच्या मागून ओरडतात, आहे, आहे.

बायको: देवा. मला हसावं का रडावं तेच कळेना. चावी द्या.

नवरा: आणि दुपारची फेरी?

मेहुणी: मालकाला मी फोन लावते. बदली ड्रायव्हर पाठवेल. पोरांना घरी तो सोडेल.

नवरा: आजचं झालं. उद्या घर कशावर चालणार? खोक्यांवर?

बायको: हो, खोक्यांवर. तुम्ही बसाल माझ्यासोबत चिकटवायला. खोक्यांना हात लागतात, पाय नाही लागत. चावी कुठल्या खिशात आहे?

नवरा: सांगणार नाही.

बायको: बरं. नका सांगू.

नवरा: अगं, अगं, कमरेला नको. हाहाहा. मेहुणीसमोर, लाज सोडलीस का. हाहा. अगं, बरगडीला नको, मेलो, मेलो.

मेहुणी: ऐकलंस, ताई? हे खरं हसणं. मघाच्यात आणि ह्यात किती फरक आहे.

बायको: ऐकलं. मिळाली चावी.

नवरा: दरोडेखोर आहात दोघी बहिणी.

मेहुणी: उद्या सकाळी दवाखान्यात यायचं, उपाशीपोटी. गोळी रोज, जेवणासकट. अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही. आणि रोज तळव्याखाली आरसा धरून बघायचं, कुठं चिरलं, भाजलं तर नाही ना.

नवरा: पायांना आरसा. तोंडाला कधी धरला नाही.

बायको: तोंड मी बघते रोज. ते आहे तसंच आहे.

नवरा: पोरी, एक सांग. गेलेलं परत येतं का?

मेहुणी: येईल असं खोटं नाही सांगणार, भाऊजी. पण राहिलंय तेवढं सांभाळता येतं. ते मात्र नक्की येतं.

नवरा: मग किती राहिलंय तेवढं बघ.

बायको: तो कापूस इकडं दे. मी बघते. डोळे मिटा, टॉवेल नको. आता फसवायचं नाही हं.

नवरा: नाही फसवत.

बायको: इथं?

नवरा: नाही.

बायको: इथं?

नवरा: नाही गं.

बायको: इथं? हा घोटा आहे.

नवरा: नाही. थांब. जरा वर घे. अजून थोडं. हां, इथं. इथं लागतंय.

बायको: मग तेवढं तरी हसा.