कासव अजून आलेलंच न्हाय

...आन् वर तुमीच इचारता, "पंचाक्षरीअप्पा, डोळे का सुजलेत?" रडलो-बिडलो न्हाय हो, झोप न्हाय! कासवापायी झोप न्हाय! आता कासव काय भुकतंय का आरवतंय, असं म्हणू नका, कारण तुमाला सांगतो... कासव अजून आलेलंच न्हाय!

बसा, नीट सांगतो. आमचा विरेश हैदराबादला नोकरीला. त्याच्या दोस्तानं हौसंनं आफ्रिकेचं कासव पाळलं. कागदं समदी रीतसर, न्हायतर आपल्याकडलं कासव पाळलं तर आत टाकत्यात. आणलं तवा तळहातावर मावायचं म्हणं. आता परातीएवढं झालंय, अजून वाढायलंय, फ्लॅटातला सोफा ढकलत नेतंय! विरेशचा फोन आला, "अप्पा, सास्तूरला आपल्याकडं अंगण हाय. ठिवता का? बिचारं शंभर वर्षं बी जगंल." म्या म्हणलं, लेका, माझ्या गवऱ्या मसणात गेल्या, माझ्या मागं त्याला पाला कोण टाकणार? तवर मागनं गंगम्मा, आमची मंडळी, म्हणाली, "आणा." बास, एवढंच! लगीन झाल्यापास्नं या बाईनं साडी मागितली न्हाय, सोनं मागितलं न्हाय. मागून मागून मागितलं काय, तर कासव!

लागलो तयारीला. आता कासव म्हणलं की आपल्याला काय ठावं? हिरीतलं! जुन्या गावात हिरीत कासव सोडायचे, पाणी साफ ऱ्हातंय म्हणून. म्या अंगणात खड्डा खणला, सिमिट लावलं, टँकरवाल्याच्या हातापाया पडून पाणी भरलं, आन् ऐटीत फोटो पाठवला. विरेश फोनवर किंचाळला, "अप्पा! हे जमिनीवरचं हाय! पाण्यात टाकलं तर बुडून मरंल!" आता तुमीच सांगा, बुडणारं कासव ऐकलंय का कुणी? गप खड्डा बुजवला. शेजारच्या नीलम्मा कुंपणावरनं वाकून, "अवो अप्पा, काय पुरलंत?" काय पुरणार बाई... माझी अक्कल! वर म्हणती, "त्याचं तोंड देवळाकडं करा बगा. महादेवाम्होरलं कासव कधी पाठ करतंय व्हय?" म्हणलं, ते दगडाचं हाय, बसवलं तिथं बसतंय, ह्याला पाय हायती! तरी ती हळदकुंकू घेऊन तयार. आन् कासव अजून आलेलंच न्हाय!

मग विरेश म्हणाला, थंडीत त्याला ऊबदार, कोरडी जागा लागती. बलभीम गवंड्याला बोलवलं. बलभीम लई खुशीत, "अप्पा, अशी खोली काढतो, दगडाची भिंत, वर स्लॅब, हत्ती बांधला तरी हलायची न्हाय!" गंगम्मा दारात भाकरी थापायली व्हती. तिचा हात थांबला. "कल्लु ब्याडा," म्हणाली. माहेर कर्नाटकातलं तिचं, जीव घाबरला की कानडीच येतंय. दगड नको. स्लॅब नको. जित्या जीवाच्या डोस्क्यावर जड काय बी नको. बलभीमनं स्लॅबचा नाद सोडला. आमच्या गावात असं कोण बोललं, तर का म्हणून कोण इचारत न्हाय.

आमची पयली लेक, भुवनेश्वरी... भूकंपात माळवदाच्या दगडमातीखाली गेली. शाळंत नुकतंच नाव घातलं व्हतं. विरेश मागनं झाला. नवीन गाव वसलं, स्लॅबचं पक्कं घर मिळालं. गंगम्मा त्या घरात सैपाक करती, लिंगपूजा करती, पर डोळा लावत न्हाय. अंगणात पत्र्याचं शेड, झोपायचं तिथंच. उन्हाळ्यात पत्रा तापतोय, पावसाळ्यात कान बधिर, आन् तिच्यासंगं खामखा म्या बी! लोकं हसायची, "अप्पा, घर असून शेडात?" म्या छाती काढून सांगायचो, "मला कशाचं भ्या? म्या हिच्यापायी झोपतो!"

तर म्या म्हणलं, कासवाला दुसरं शेड मारू. बलभीमनं टेप लावला, डोकं खाजवलं. "अप्पा, दोन शेडं झाली तर त्यानं फिरायचं कुठं? गवत कुठं लावताव?" सुटलो म्हणलं! विरेशला न्हाय म्हणून सांगतो म्हणून मोबाईल काढला... तर गंगम्मा उठली, शेडात गेली, तिची वाकळ घेतली, माझी वाकळ घेतली, आन् निघाली सरळ आत... स्लॅबखाली!

म्या पळालो मागं. "अगं, काय करायलीस?"

"पत्रा त्येला द्या. त्येचं लई आयुष्य बाकी हाय."

"आन् तुला भ्या?"

वाकळ झटकत म्हणाली, "विरेशचा फोन याया उशीर झाला तरी माझा जीव खालीवर होतोय. ह्या कासवापायी व्हायचा न्हाय. हे काय माझ्या आधी जात न्हाय."

तुमाला खरं सांगतो, मला रडू आलं. व्हय, मघाशी न्हाय म्हणलो, पर आलं. दारातच उभा राहून रडलो. बलभीम बिचारा टेप गुंडाळायचा, सोडायचा, परत गुंडाळायचा.

तवापास्नं आत झोपतो. गंगम्मा? पाठ टेकली की घोरती! आन् हे छाती काढणारे पंचाक्षरीअप्पा? उताणे पडून स्लॅबकडं बघत ऱ्हात्यात! ती भेग हाय का कोळ्याचं जाळं? पंख्याचा हुक हलला का माझंच डोस्कं फिरलं? गपचिप शेडात जाऊन पडावं म्हणलं, तर तिथं वाळलं गवत अंथरून, कडी लावून, गंगम्मानं बजावलंय, "तिथं पाय टाकू नका. ती त्येची जागा हाय."

शेड रिकामं हाय हो. पत्र्याखाली कुत्रं सुदिक झोपत न्हाय. आन् कासव... कासव अजून आलेलंच न्हाय!